आठ बैलांचं वळण

हेस्टरबाई एस.टी.तून उतरल्या आणि कुणाला नमस्कार न करता थेट सिदूनानाच्या बैलामागं जाऊन उभ्या राहिल्या.

आम्ही हार घेऊन उभे. सरपंच हिंदुराव नवा फेटा बांधून उभा. हलगीवाल्यानं टिपरी उचललेली. आणि बाईंनी पिशवीतून शिंप्याकडं असते तसली टेप काढून तिचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"मिस्टर खराडे ना? हे त्याच्या नाकाशी धरा."

"कुणाच्या?"

"बैलाच्या. दुसऱ्या कुणाचं नाक मोजायला मी समुद्र ओलांडून आलेले नाही."

मी धरलं. तो बैल मारका होता. आदल्या वर्षी त्यानं एका हवालदाराला शिंगावर घेऊन शाळेच्या कौलांवर ठेवला होता, आणि हवालदारानं पंचनामा तिथंच बसून लिहिला होता. पण त्या दिवशी बैल गुमान उभा राहिला. शेपटीपासून नाकापर्यंत कुणी आपली इतक्या आदरानं चौकशी करतंय, हे त्याला नवीन असावं.

सिदूनाना माझ्या कानाशी आला. "मास्तर, बाई बैल इकत घेतीया का? आदीच सांगा, इकायचा न्हाई."

"विकत नाही घेत. माप घेतेय."

"मंग कापडं शिवणार आसंल," हिंदुराव म्हणाला आणि हार त्यानं बैलाच्याच गळ्यात घातला. फुलं सुकत चालली होती.

ही गोष्ट मी तरुण असतानाची. तेव्हा मी आसदवाडीच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. माझ्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. गावानं केव्हाच ठरवलंय. निवृत्ती मास्तर बोलला की त्यातले बारा आणे वजा करायचे आणि उरलेल्या चार आण्यांना साक्षीदार मागायचा, असा इथला रिवाज आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. साक्षीदार मिळाला की गोष्टीची मजा जाते.

तर बाई. डॉक्टर हेस्टर वॉर्डल. विलायतेतल्या एका विद्यापीठात इतिहास शिकवायच्या. वय साठीला टेकलेलं, अंगानं काटकुळ्या, पायांत पुरुषी बूट आणि डोक्यावर अशी टोपी, की चिमण्या तिच्याकडं घर बघायला आल्यासारख्या बघायच्या. सांगलीच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकानं त्यांना आमच्या गावाचं नाव सांगितलं होतं आणि गावानं त्यांना माझ्या घरी आणून सोडलं होतं, कारण इंग्रजी येणारा मी एकटा.

इतिहास म्हटल्यावर आम्हाला वाटलं राजे, लढाया, तोफा. बाईंचं राजांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा इतिहास म्हणजे सातशे वर्षांपूर्वीची इंग्लंडातली खेडी. कुणाच्या हंसानं कुणाचं धान्य खाल्लं, कुणी बांध कोरला, कुणाची गाय कुणाच्या रानात सापडली. बाप त्यांचा पाव भाजायचा. घरात वाचायला काही नव्हतं, म्हणून पिठाच्या पोत्यांवरचा छाप वाचून त्या अक्षरं शिकल्या. (पिठाची पोती कदाचित मी घातली असतील. बाप मात्र भटारीच होता.) मग शिष्यवृत्ती मिळाली, लॅटिन शिकल्या आणि तीस वर्षं एका थंडगार तळघरात अंगावर ओव्हरकोट घालून चामड्यावर लिहिलेले जुने कज्जे वाचत बसल्या. बरोबरीच्या लोकांनी राजांवर पुस्तकं लिहून पदकं मिळवली. बाईंनी हंसांवर लिहिलं.

"माझ्या एका गावात ॲलिस नावाची विधवा आहे," त्या माझ्या बायकोला सांगत होत्या. आहे, म्हणाल्या, होती नाही. "तिचा शेजारी बैल वळवताना तिच्या रानात घालतो. दर एक-दोन वर्षांनी ती पंचांपुढं जाते. कारकुनानं लिहून ठेवलंय, ॲलिस तक्रार करते, शेजाऱ्याला दंड. बस्स, दोन ओळी. तीस वर्षं मी त्या ओळी वाचते आहे, पण ती काय बोलली असेल ते काही ऐकू येत नाही."

मी अनुसयेला मराठीत सांगितलं. तिनं बाईंच्या ताटात आणखी पिठलं वाढलं.

"बांधावरनं भांडली व्हय? मंग त्यात ऐकू न यायला काय झालं? हितं गल्लीत बसा म्हणावं सकाळच्याला."

बाईंना आठ बैलांचा नांगर बघायचा होता. आमच्याकडं काळ्या रानात हरळी माजली की लोखंडी नांगर पुरा पडत नसे. मग बाभळीचा तो अजस्र जुना नांगर काढायचा आणि चार जोड्या एकापुढं एक जुंपायच्या. ट्रॅक्टर यायला लागल्यापासून असा नांगर एकट्या सिदूनानाकडं उरला होता, तोही गोठ्याच्या माळ्यावर. तो खाली काढून ठाकठीक करायचा, तिघांच्या दावणीचे बैल गोळा करायचे, यात दोन दिवस जाणार होते.

पहिल्याच दिवशी, उन्हं उतरताना, बाईंनी मला अंगणात बोलावलं. अनुसया पाण्याला गेली होती. बाईंनी काटकी घेतली आणि मातीत एक लांब रेघ ओढली. सरळ गेली, गेली आणि टोकाजवळ येऊन अलगद डावीकडं झुकली.

"आमच्याकडची जुनी रानं अशी आहेत. टोकाला वळलेली. का?"

"पिऊन नांगरली असतील."

"प्रोफेसर ग्रेंजर जवळपास तेच म्हणतात." त्या हसल्या नाहीत. "मी म्हणते, बैलांमुळं. आठ बैलांची रांग केवढी लांब होते बघा, म्हणून तर मी तुमचा बैल मोजला. नांगर शेताच्या टोकाला पोचायच्या आत पुढचे बैल शेताबाहेर जातात. म्हणून नांगऱ्या आधीपासूनच बैल वळवायला लागतो. पिढ्यानुपिढ्या तसं केलं की रानालाच बाक येतो. माझ्या नव्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण एवढ्यावर उभं आहे."

"मग अडलं कुठं?"

"ग्रेंजरनी भर सभेत विचारलं, 'मिस वॉर्डल, आठ बैल एका नांगराला जुंपलेले आपण कधी पाहिलेत?' मी म्हणाले, नाही. सगळी सभा हसली. इंग्लंडात तसा नांगरच आता उरलेला नाही. ग्रेंजर पूर्वी माझे गुरू होते, मिस्टर खराडे. येत्या उन्हाळ्यात मी निवृत्त होते आहे. पुस्तक छापखान्याच्या दारात थांबलंय. तुमच्या सिदूनानांनी बैल आधी वळवले तर प्रकरण राहील. सरळ नेले तर मी ते काढून टाकीन."

"काढायचं कशाला? इथलं तिथं सांगायला कोण जाणार आहे?"

परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोराकडं मी बघतो तसं बाईंनी माझ्याकडं बघितलं.

"मला माहीत असेल ना."

मी ओशाळलो. म्हणालो, "बरं, मी सिदूनानाला सांगतो, बाईंना असं असं पाहिजे..."

"खबरदार!" त्यांनी काटकी माझ्यावर रोखली. "तेच तर सांगायला बोलावलं. एक अक्षर बोलायचं नाही. त्यांना कळलं की ते माझ्यासाठी मुद्दाम वळवतील. तुमचं गाव फार भलं आहे, मिस्टर खराडे. तीच अडचण आहे."

मातीतली रेघ त्यांनी बुटानं पुसली. आणि जगातल्या एवढ्या माणसांतून, देवा, गुपित त्यांनी ठेवलं माझ्या पोटात!

तिथून पुढं माझे जे हाल झाले ते बैलांचेही झाले नाहीत. सकाळी दाढी करायला गेलो तर न्हावी वस्तरा गळ्याशी धरून विचारतो, "बाई कशापायी आलीया?" मी म्हणालो, बैलाच्या सावलीवरून पाऊस सांगते. दुपारपर्यंत चार माणसं बैल उन्हात उभे करून सावली बघत बसली. चहाच्या टपरीवर मी सांगितलं, विलायतेतले बैल आपल्याकडून गेलेले आहेत, त्यांची सोयरीक शोधतेय. तेही लोकांना पटलं, कारण सिदूनानाच्या मारक्या बैलाचे डोळे घारे होते. अशा थापा मी लाकडं रचावीत तशा गुपिताभोवती रचत गेलो. घरात मात्र थाप चालत नाही. अनुसया माझ्या तोंडाकडं बघूनच ओळखते. म्हणून घरी मी बोललोच नाही. जेवताना खाली मान. तिनं दोनदा कपाळाला हात लावून बघितला.

दुसऱ्या दिवशी हिंदुराव चार माणसं घेऊन दारात.

"मास्तर, गावाच्या अब्रूचा सवाल हाय. बाईला बगायचंय तरी काय ते नीट सांगा."

"नांगरट."

"ते झालं वो. नांगरटीत काय?" आणि मग आवाज खाली आणून, "मला वाटतंय मी वळीखलंय. काल बाई सिदूनानाच्या रानात गेली, कोपऱ्यात वाकली, येक डोळा मिटला आन् म्होरं बगत राह्यली. मागं शेतकी खात्याचा सायब नांगरटीच्या शर्यतीला आला हुता, त्यो आसाच डोळा मिटायचा. ज्येचं तास सरळ, त्येला फेटा. खरं का खोटं?"

तास म्हणजे नांगराचा फाळ मातीतून ओढत नेल्यावर मागं पडते ती चर. ते सरळ म्हणजे बाईंच्या प्रकरणाची चिठ्ठीच फाटली. माझ्या जिभेच्या टोकाशी 'खोटं' आलं होतं. पण 'खोटं' म्हटलं की पुढचा सवाल ठरलेला, मग खरं काय? मी दोन्ही ओठ दातांखाली दाबून धरले.

हिंदुरावानं मागं वळून सगळ्यांकडं बघितलं. "बगितलं? मास्तर गप बसलाय. म्हंजे खरंच हाय. खोटं आसतं तर बोलला आसता."

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई तयार होऊन निघाल्या. हातात कॅमेरा, गळ्यात शिट्टी. शिट्टी कशाला ते मला आजवर कळलं नाही. रानाच्या अलीकडंच हलगी ऐकू आली आणि त्यांची चाल मंदावली.

आठही बैलांची शिंगं हिंगुळानं रंगवलेली, गळ्यात घुंगरमाळा, अंगावर झुली. नांगराला आंब्याचे डहाळे. सिदूनाना स्वतः लग्नातला कोट घालून रुमण्याशी, म्हणजे नांगराच्या मुठीशी उभा, आणि उन्हानं आणि कोटानं असा घामाघूम, की त्याच्या जागेवरच चिखल झाला होता. आणि रानाच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत दोरी लावून मारलेली चुन्याची पांढरीफेक रेघ. अशी सरळ, की तिच्यावरून आगगाडी गेली असती.

"ती रेघ कसली?" बाईंनी विचारलं.

"तास सरळ यावं म्हणून."

"नेहमी मारतात?"

"मी विचारतो सिदूनानाला..."

"नाही! विचारायचं नाही. विचारलं की ते मला काय पाहिजे ते शोधायला लागतील."

"बाई, ते आधीच शोधून बसलेत. आणि चुकीचं शोधलंय. मला फक्त एक वाक्य बोलू द्या."

"नाही."

"अर्धं वाक्य."

"मिस्टर खराडे." त्यांनी मला हातानं अडवलं. "तुम्ही बोललात आणि मग त्यांनी वळवलं, तर मी ते कुठल्या तोंडानं छापू?"

मी गप्प बसलो. माझ्या आयुष्यात तेवढा वेळ मी कधीच गप्प बसलेलो नाही, झोपेतसुद्धा. अनुसयेला विचारा.

हिंदुरावानं नारळ फोडला. सिदूनानानं 'हाऽऽ' केलं, पुढच्या जोड्यांजवळच्या दोघा गड्यांनी आसूड वाजवले, आणि ते सगळं लांबलचक धूड हललं. काय जोर होता! काळी ढेकळं डाव्या-उजव्या बाजूंना डोक्याएवढी उलटत होती, जमीन पोटातून कण्हत होती. गाव ओरडत होतं, "सरळ! सरळ! नाना, रेघ सोडू नगंस!" आणि नाना रेघ सोडत नव्हता. चुन्यावरून फाळ असा चालला होता, जणू शाळेत पट्टीनं आखतोय.

अर्ध्या रानात एक चिंचेचं झाड होतं. नांगर चिंचेपाशी आला, चिंच मागं पडली, तरी सरळच. बाईंनी पेन्सिल काढली आणि टाचणवहीत एक शब्द लिहिला. मी बाजूनं वाचला. 'सरळ.'

"बरं," त्या म्हणाल्या. "बघितलं तरी."

"बाई, हे असं..."

"नका समजूत घालू. तीस वर्षं मी माणसांना सांगत आले, कागदाला पाहिजे ते बोलायला लावू नका. आता माझ्यावर आलं म्हणून मी नियम बदलू?" त्यांनी कॅमेऱ्याचं झाकण लावलं. टोपी काढून हातात घेतली. टोपीशिवाय बाई एकदम म्हाताऱ्या दिसल्या. "ग्रेंजरना मी पत्र लिहीन. त्यांना आनंद होईल."

एवढ्यात पलीकडच्या बांधावर कालवा उठला.

झालं होतं असं. नांगर अजून बराच मागं, पण पुढच्या दोन जोड्या बांधापर्यंत पोचल्या. रेघ सरळ म्हणून बैलही सरळ. त्यांनी बांध ओलांडला आणि पलीकडं चिंगाक्काचं कडवळ होतं, म्हणजे वैरणीची ज्वारी, हिरवीगार, कमरेएवढी. बैलांनी सकाळपासून नटूनथटून उपाशीपोटी हलगी ऐकली होती. त्यांनी माना खाली घातल्या त्या वर काढेनात. मागचे चार बैल पुढच्यांना काय मिळालंय ते बघायला रेटू लागले. आसूड वाजतायत, घुंगरं वाजतायत, हलगीवाल्याला वाटलं रंग भरला, त्यानं आणखी जोरात धरलं.

आणि कडवळातून, हातात विळा घेऊन, चिंगाक्का उभी राहिली.

चिंगाक्का म्हणजे सिदूनानाची बांधाशेजारीण. विधवा बाई, एकटीनं रान कसणारी. आठ दिवस लेकीकडं गेली होती, ती त्याच सकाळी परतलेली. ती गावात असती तर चुन्याची रेघ मारायचं धाडस कुणाला झालंच नसतं. तिचा आवाज असा होता, की तिनं आमच्या रानातून म्हशीला हाक मारली तर पलीकडच्या गावच्या म्हशी निघायच्या.

"सिद्याऽऽ! मुडद्या! डोळं फुटलं काय रं तुजं?"

सिदूनाना रुमणं धरूनच आक्रसला. "आक्के, जरा दमानं. पाव्हणी हाय."

"पाव्हणी गेली खड्ड्यात! माजं कडवळ खाल्लं की रं! तुज्या बापानं कवा सरळ नांगर आणला हुता का माज्या बांधावर? तुज्या आज्यानं आणला हुता? चिंचंपासनं बैल वळवायचा, चिंचंपासनं! माज्या सासूच्या सासूपासनं ह्या रानाची तासं वाकडी हायती! आन् तू आज सुतात नांगराय लागलायस? कलेक्टर व्हायचंय व्हय रं तुला?"

"आगं, वाकडं तास दावू व्हय सायबिणीला? गावाची लाज..."

"आन् हितं माज्या रानात आठ बैलं चराय लावलीस, ती लाज न्हाई व्हय?"

बाईंनी माझी बाही पकडली. "काय म्हणते आहे ती?"

मी सांगितलं. देवाची शपथ, शब्दाला शब्द. चिंचेपासून वळवायचं, बाप, आजा, सासूची सासू, वाकडी तासं. पदरची एक वेलांटीसुद्धा घातली नाही.

बाईंनी माझ्याकडं टक लावून बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "मिस्टर खराडे, हे ती म्हणाली, की तुम्ही?"

"म्हणजे?"

"काल दुकानात मला एका माणसानं खुणेनं विचारलं, बैलाच्या सावलीवरून पाऊस कधी पडेल म्हणून. तुम्ही भले आहात. मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही काहीही सांगाल."

काय सांगू तुम्हाला! जन्मभर मी खोटं बोललो आणि लोकांनी कौतुकानं ऐकलं. आणि ज्या दिवशी खरं बोललो, त्या दिवशी समोर उभी होती ती साक्षीपुरावा मागणारी इतिहासकार.

"बाई, मी थापाड्या आहे," मी म्हणालो, "पण एवढी चांगली गोष्ट मला रचता येत नाही."

पण त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या. चिंगाक्काकडं बघत होत्या. चिंगाक्कानं शब्दांवर भागणार नाही हे ओळखून विळा वर केला होता आणि त्या विळ्यानं ती हवेत दाखवत होती. हितनं, चिंचंपासनं, आसं, आसं, आन् माज्या बांधाच्या अल्याडनं भायेर. विळा सरळ निघाला, झाडापाशी आला आणि अलगद डावीकडं झुकला. अंगणातल्या मातीत बाईंनी काढलेली तीच रेघ. त्या रेघेला माझ्या भाषांतराची गरज नव्हती.

"ॲलिस," बाई म्हणाल्या. एवढंच. अगदी हळू.

मग त्या पळाल्या. ते पुरुषी बूट घालून, ढेकळांतून, साठीची बाई बांधाकडं पळत गेली आणि चिंगाक्कासमोर जाऊन धापा टाकत उभी राहिली. चिंगाक्का विळा वर धरूनच थांबली. दोघी एकमेकींकडं बघतायत.

"हिला काय झालं?" चिंगाक्का मला म्हणाली. "रडतीया का हसतीया?"

"आक्का, ती म्हणते, तू बोल. अजून बोल."

हे मात्र मी पदरचं घातलं. पण त्यात चूक काही नव्हतं.

चिंगाक्काला असं निमंत्रण जन्मात कुणी दिलं नव्हतं. तिनं सिदूनानाच्या चार पिढ्या काढल्या. कोण कधी बांध कोरून गेला, कुणाची कुळवाची पात तिच्या हद्दीत आली, सगळं. बाई मान डोलावत ऐकत होत्या. एक अक्षर कळत नव्हतं आणि सगळं कळत होतं.

पुढचं सिदूनानानंच केलं. बैल कसेबसे मागं घेतले. मग त्यानं अंगातला कोट काढून चिंचेवर फेकला, पायानं चुना विस्कटला आणि हिंदुरावाला म्हणाला, "सरपंच, बक्षीस जाऊंदे मसणात. ह्या म्हातारीपुढं मी सरळ न्हाई नांगरणार."

हिंदुराव माझ्याकडं बघायला लागला. मी आभाळाकडं बघितलं.

दुसरं तास सुरू झालं. चिंगाक्का विळा घेऊन बांधावर पहाऱ्याला. नांगर चिंचेपाशी आला, आणि कुणी काही न सांगता पुढचा मारका बैल आपण होऊन डावीकडं झुकला. त्याच्या मागं दुसरी जोडी, मग तिसरी. नानाला हाक मारावी लागली नाही. बैलांना ते पाठ होतं. सगळी रांग बाक घेत गेली आणि बांधाच्या अलीकडून, कडवळाचं पानसुद्धा न मोडता, बाहेर पडली. गाव लाजेनं गप्प उभं. वाकडं तास, आणि तेही परदेशी पाहुणीसमोर.

बाईंनी बूट काढले. हातात धरले. आणि त्या ताज्या तासातून, ढेकळांवर पाय ठेवत, शेवटापर्यंत चालत आल्या. मग म्हणाल्या, "शिडी मिळेल?"

शिडी आणली आणि बाई चिंचेवर चढल्या. नाही पटत? नका पटवून घेऊ. पहिल्या फांदीपर्यंत चढल्या, आणि अनुसया खालून ओरडत होती, "पडशीला वो बाई!" वरून त्यांनी मला हाक मारली. मी दोन पायऱ्या चढून बघितलं. नुसतं तासच वाकडं नव्हतं. बांध वाकडा होता. पलीकडचा बांधही. सगळंच रान टोकाशी अलगद डावीकडं वळलं होतं. जन्म आमचा त्या रानात गेला, पण ते कुणी असं बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एस.टी.त चढताना बाई मला म्हणाल्या, "आता सांगा गावाला. तुमची सुटका."

मी पारावर गेलो आणि सगळं सांगितलं. ॲलिस, ग्रेंजरसाहेब, शेवटचं प्रकरण, सगळं. ऐकून हिंदुरावानं विडी झटकली.

"मास्तर, सावलीवरनं पाऊस ह्यापरीस बरा हुता. वाकडं तास बगाय कोण येतंय विलायतेतनं?"

पुढं दोन वर्षांनी पुस्तक आलं. जाडजूड, निळ्या कापडाच्या बांधणीचं. शेवटचं प्रकरण जागेवर होतं. त्यात एक पानभर फोटो, आठ बैल वळतायत, आणि बांधावर चिंगाक्का, विळा उगारलेला, तोंड उघडं. चिंगाक्कानं तो फोटो बघितला आणि पुस्तक मागून घेतलं. कैक वर्षं ते तिच्या फडताळात होतं. सिदूनानाचा बैल जरा बांधाशी आला की ती पुस्तकच घेऊन बाहेर यायची. "छापून आलंय बरं का, सिद्या! विलायतेत ठावं हाय!"

पण मला सांगायचंय ते निराळंच. पुस्तकाच्या सुरुवातीला बाईंनी आभार मानलेत. विद्यापीठाचे, तळघराच्या राखणदाराचे, सिदूनानाचे, चिंगाक्काचे. आणि शेवटी माझं नाव. पुस्तक आलं त्या दिवशी हिंदुरावाच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलानं पारावर उभं राहून ते मोठ्यानं वाचलं आणि मराठीत सांगितलं, "आणि श्री. निवृत्ती खराडे यांचे, ज्यांना सगळं माहीत होतं आणि जे एक शब्दही बोलले नाहीत."

पारावर जे हसू फुटलं! हिंदुराव डोळे पुसत होता. सिदूनानाला ठसका लागला. न्हावी दुकान सोडून आला, काय झालं विचारायला. त्याला पुन्हा वाचून दाखवलं, तर तोही पायरीवर बसून हसला.

मी घरी आलो. अनुसया भाकरी थापत होती. मी तिला वाक्य सांगितलं. ती हसली नाही.

"तवाचं व्हय?" ती म्हणाली. "म्हंजे तुमी आजारी न्हवता? मी मारुतीला नारळ बोलले हुते, ह्यांच्या तोंडाला परत बोलणं येऊदे म्हणून. फोडलाबी."

बाई गेल्या, चिंगाक्का गेली, सिदूनाना गेला, बैल तर केव्हाच गेले. पुस्तक आता शाळेच्या कपाटात आहे. इंग्रजी येणारी पोरं ते वाचतात, फोटो बघतात, आणि रानात जाऊन बांध खरंच वाकडा आहे का ते बघून येतात. वाकडाच आहे. त्या पुस्तकातलं सगळं खरं आहे, असं गाव आता मानतं.

तेवढं एक वाक्य सोडून.